रिकाम्या वस्तीतली शाळा टिपून ठेवायची तर

शाळेत पाऊल टाकलं की हात आपसूक मोबाइलकडे जातो. तो आवरा आणि आधी मुख्याध्यापकांच्या कपाटाकडे जा. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, तिथे असतं. भिंत अजून एखादा पावसाळा काढेल, ओलं रजिस्टर काढणार नाही.

हे मी आमच्या शाळेवरून सांगते आहे. पूर्व उपनगरात डोंगराच्या उतारावर आमची वस्ती होती आणि वस्तीत चार खोल्यांची मराठी शाळा, पहिली ते चौथी, एका छोट्या संस्थेची. तीन पावसाळ्यांमागे एका रात्री वरच्या अंगाने दरड आली. वरच्या गल्लीतली घरं गेली, माणसं गेली. त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, तो त्यांच्या घरच्यांचा अधिकार आहे. शाळेच्या मागच्या भिंतीला माती येऊन टेकली, दोन खोल्या वाकल्या, दोन उभ्या राहिल्या. आठवड्याभरात वस्ती रिकामी झाली. कुणी मानखुर्दला गेलं, कुणी थेट विरारला. शाळेला कुलूप लागलं ते लागलंच.

मी सर्व्हेच्या ऑफिसात ऑटोकॅडवर नकाशे काढते, अठरा वर्षं झाली. शाळा पाडणार असं कळलं तेव्हा आम्ही चार माजी विद्यार्थी एकत्र आलो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी, नऊ रविवार तिथे काम केलं. काय जमलं, काय फसलं, ते सगळं लिहिते. मुंबईत याची गरज पुन्हा पडणार आहे. आधीच्या दरडी आठवा: जुलै २००० मध्ये घाटकोपर, २६ जुलै २००५ ला साकीनाका, १८ जुलै २०२१ ला चेंबूर आणि विक्रोळी. मुंबईबाहेर २०१४ चं माळीण, २०२१ चं तळिये, २०२३ ची इर्शाळवाडी. उरलेली माणसं उठून दुसरीकडे राहायला जातात तेव्हा मागे नुसती घरं राहत नाहीत.

जपानमध्ये फुकुशिमाच्या किनाऱ्यावर नामिए नावाचं गाव आहे. तिथली उकेदो प्राथमिक शाळा समुद्रापासून जेमतेम तीनशे मीटरवर. ११ मार्च २०११ ला भूकंप झाल्याबरोबर शिक्षक मुलांना घेऊन ओहिरा डोंगराकडे चालत निघाले, आणि शाळेतली सगळी मुलं वाचली. त्सुनामीने खालचा मजला धुऊन नेला, मग अणुप्रकल्पामुळे अख्खं गाव रिकामं करावं लागलं. तरी ती इमारत त्यांनी ठेवली आणि ऑक्टोबर २०२१ पासून लोकांना पाहायला खुली केली. आपल्याकडे उतारावरची इमारत ठेवणं बहुतेक वेळा शक्य नसतं, ती खालच्या घरांवर येऊ शकते. म्हणून पाडायच्या आधी ती नीट टिपून घेणं, एवढंच आपल्या हातात उरतं. ते मात्र पूर्ण हातात आहे.

क्रम ठरवताना आम्ही एकच गोष्ट धरली: जे आधी जाईल ते आधी टिपायचं. आधी कागद, मग खडूची अक्षरं, मग बाकीचं.

आत शिरण्याआधी

तीन कागद खिशात हवेत. संस्थेचं परवानगीपत्र (पालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाचं), वॉर्ड ऑफिसात दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच, आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या पत्राची पोच. अर्जात नुसतं ‘फोटो काढायचे आहेत’ लिहू नका. कोण येणार, कुठल्या तारखांना, किती वाजता, आणि आतलं काहीही बाहेर नेताना यादी करून सही घेणार, हे सगळं लिहा. आमच्या अर्जाला उत्तर यायला सात आठवडे लागले. म्हणून दिवाळीच्या आधीच अर्ज टाका, म्हणजे कोरडे महिने हातचे जाणार नाहीत.

जून ते सप्टेंबर तिथे जायचंच नाही. अवकाळी पाऊस झाला तर त्यापुढचा रविवारही सोडायचा. वरून माती सुकलेली दिसते, आतून ती ओलीच असते. आत तिघं, बाहेर एक. बाहेरच्याकडे वहीत आत कोण आणि किती वाजल्यापासून, याची नोंद. आमच्यातला एकजण नऊच्या नऊ रविवार बाहेर बसला. त्याचं नाव एकाही फोटोवर नाही, पण त्याच्याशिवाय एकही फोटो निघाला नसता.

भिंतीतल्या प्रत्येक मोठ्या तड्याच्या दोन बाजूंना पेन्सिलीने खूण करून अंतर मोजा आणि शेजारी तारीख लिहा. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर रुंद पट्टीही लावा. पुढच्या वेळी पट्टी चिरलेली दिसली तर भिंत हलते आहे असं समजायचं आणि त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. वाकलेल्या दोन खोल्यांत आम्ही एकदाही गेलो नाही. रंगाऱ्याच्या रोलरची लांब होणारी काठी असते ना, तिला मोबाइल बांधून खिडकीतून आत घातला आणि जेवढं मिळालं तेवढं घेतलं.

सिमेंटचे जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात, आणि त्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की घातक. फुटलेले तुकडे हलवू नका, सुका झाडू मारू नका; कापडी मास्क ते तंतू अडवत नाही. गमबूट, जाड हातमोजे, हेल्मेट हवंच. बाकाखाली हात घालण्याआधी काठीने आपटा. ड्रोनच्या वाटेला मात्र मुंबईत जाऊ नका. विमानतळाभोवतीचे झोन आणि पोलिसांचे मनाई आदेश यांत सगळी परवानगी अडकून पडेल, आणि काठीने काम भागतं.

कागद

जनरल रजिस्टरची किंमत शाळेबाहेरच्या माणसाला कळत नाही. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. दरडीत ज्यांची घरातली कागदपत्रं गेली, त्यांच्यासाठी ही एकच लेखी खूण उरलेली असते. आमच्या वस्तीतल्या एका ताईंना मुलाच्या जात पडताळणीसाठी मुलाच्या वडिलांची नोंद हवी होती. ती १९७८ च्या पानावर सापडली. त्या पानाचा वरचा कोपरा उंदरांनी खाल्ला होता, ओळ शाबूत होती.

ओलं रजिस्टर तिथे उघडायचं नाही. पानं एकमेकांना चिकटलेली असतात, ओढलं की अक्षरासकट पापुद्रा निघतो. तव्यावरच्या पोळीखालून उलथनं सरकवावं तसा खालून सपाट पुठ्ठा सरकवा आणि त्याच्यासकट उचला. दोन दिवसांत वाळवणं जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. वाळवताना सावलीत, पंखा लावलेल्या खोलीत, वारा थेट अंगावर येणार नाही असं. दर दहा-पंधरा पानांमागे कोरा टिपकागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर यांतलं काही नको. बॉलपेनचा मजकूर बहुधा टिकतो, शाईपेनाचा फुटतो, म्हणून जुनी रजिस्टरं आधी हातात घ्या.

फोटो काढताना मोबाइल वरून सरळ खाली बघेल असा स्टँडला बांधा आणि दोन बाजूंनी दोन दिवे तिरके लावा. शेजारी मोजपट्टी ठेवा. कागद स्कॅन करायची अ‍ॅप वापरू नका. ती पान पांढरंशुभ्र करतात आणि त्या सफाईत समासातली फिकट पेन्सिल पुसून टाकतात. आमच्या रजिस्टरात समासातच बाईंनी लिहिलं होतं, ‘आई धुणीभांडी, दुपारी घरी कोणी नाही’. अशा नोंदी दुसरीकडे कुठे मिळणार?

मूळ रजिस्टर संस्थेचं आहे, ते संस्थेलाच द्यायचं, दोन प्रतींत यादी करून, दोन्हींवर सही घेऊन. आणि त्याचे फोटो जाहीर करायचे नाहीत. त्यात माणसांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत. ज्याची नोंद असेल त्याला किंवा त्याच्या घरच्यांना ते पान द्या, बाकी कुणाला नाही.

भिंती आणि खोल्या

खोलीचं त्रिमितीय मॉडेल फोटोंवरूनच बनतं. एकच खूण पाच-सहा फोटोंत वेगवेगळ्या जागेवरून दिसली की सॉफ्टवेअर हिशेब करून ती खूण अवकाशात कुठे आहे ते काढतं. यालाच फोटोग्रामेट्री म्हणतात. काही नव्या महागड्या फोनांत लायडार नावाचा, प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर असतो. तो पाचेक मीटरपर्यंत अंतर मोजतो आणि दहा मिनिटांत खोलीचा कच्चा आराखडा देतो. तो घ्या, पण त्यावर विसंबू नका. खिळे, ओरखडे, अक्षरं त्यात उतरत नाहीत.

फोनचा प्रो मोड लावा. आयएसओ आणि शटर (फोटोत किती उजेड येतो), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) चारही एकदा ठरवून बांधून टाका. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार आपोआप सारखा करणारी सोय, बंद. झूम नाही, रुंद कोनाची लेन्स नाही, फक्त मुख्य लेन्स. पहिल्या रविवारी मी हे सगळं आपोआप वर सोडलं होतं. खिडकीकडे फोन वळला की भिंत काळी, कोपऱ्याकडे वळला की पांढरी. सहाशे फोटो वाया गेले आणि तो रविवार परत मिळाला नाही.

भिंतीपासून दीड मीटरवर उभं राहा आणि भिंतीला समांतर, अर्धं अर्धं पाऊल सरकत चला. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन-तृतीयांश भाग दिसला पाहिजे. एक फेरी गुडघ्याच्या उंचीवर, एक छातीच्या, एक हात वर करून. जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबा. कोपऱ्यात एका जागी उभं राहून गोल फिरू नका. पॅनोरामासाठी ते ठीक, पण इथे पाय हलला नाही तर सॉफ्टवेअरला खोली कळत नाही. आमच्या सहा बाय पाच मीटरच्या एका खोलीला चारशेच्या आसपास फोटो लागले.

ऊन हा मोठा वैरी आहे. खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन फरशीवर सरकत जातो आणि मॉडेलवर त्याचे चार-पाच डाग उमटतात. आम्ही खिडक्यांना बाहेरून जुन्या पांढऱ्या चादरी बांधल्या. सगळ्या खोलीत दुधासारखा सारखा उजेड पडला.

आपल्या शाळांत भिंतीच्या खालच्या भागाला ऑइलपेंटचा पट्टा असतो. तो चकाकतो, आणि त्यावर सॉफ्टवेअरला धरायला एकही खूण नसते. मॉडेलमध्ये तिथे भिंत उकळल्यासारखी दिसते. रंग घट्ट असेल तिथे मास्किंग टेपने छापील कागदाचे तुकडे लावा. पोपडे निघत असतील तिथे भिंतीला हात लावू नका. काठीला वर्तमानपत्र गुंडाळून ती भिंतीला टेकवून ठेवली तरी काम होतं. पण हे सगळं दुसऱ्या फेरीत. पहिली फेरी शाळा जशी आहे तशी, काहीही न हलवता. एक लहान चप्पल आमच्या दुसरीच्या वर्गात दारापाशी उलटी पडली होती. ती सरळ करावीशी वाटते. करू नका.

आता उंबरठा. आमचं मॉडेल पहिल्यांदा इथेच तुटलं. दोन खोल्यांचे आठशे फोटो एकत्र घातले आणि दोन सुट्या खोल्या हातात आल्या, एक दुसरीच्या डोक्यावर उलटी. कारण दारातून जाताना आम्ही सरळ चालत गेलो होतो. अलीकडच्या फोटोंत वर्ग, पलीकडच्या फोटोंत व्हरांडा, आणि दोन्ही ज्यात दिसतात असा फोटो एकच. दारावर थांबावं लागतं. आधी वर्गातून दाराकडे बघत, मग दाराच्या डाव्या चौकटीला लागून, मग उजव्या, मग उंबरठ्यावर उभं राहून थोडं आत थोडं बाहेर, मग व्हरांड्यातून मागे वळून वर्गाकडे. एका दाराला तीस-चाळीस फोटो लागले तरी चालतील. दारामध्ये उंबरठ्यावर एखादी न हलणारी, भरपूर खुणांची वस्तू ठेवा. आम्ही भौमितिक आकृत्यांचा पुठ्ठ्याचा तक्ता आडवा ठेवला. पुढच्या रविवारी हे केलं आणि सोमवारी सकाळी खोल्या एकमेकींना जोडलेल्या मिळाल्या.

फोटोंना माप नसतं, ते टेपने द्यावं लागतं. स्टीलचा टेप घ्या, कापडी ताणला की माप कमी भरतं. चारही भिंती, चारही कोपऱ्यांतली उंची, आणि दोन्ही कर्ण. कर्ण विसरू नका. आमच्या चौथीच्या वर्गाची लांबी ५.९६ मीटर, रुंदी ४.८१. खोली काटकोनात असती तर दोन्ही कर्ण ७.६६ भरले असते. एक भरला ७.६१, दुसरा ७.७१. त्याच बाजूला शहाबादी फरशीच्या ओळीत बोट जाईल एवढी फट पडली होती. डोंगराने शाळेला किती ढकललं ते या दहा सेंटिमीटरच्या फरकात दिसत होतं. अशी मापं वहीत पेनाने लिहा, तारीख घाला आणि त्या पानाचाही फोटो काढा.

फळा आणि चौकट

सिमेंटच्या काळ्या फळ्यावरची खडूची अक्षरं हाताच्या वाऱ्यानेही झडतात. जवळ जाऊन फुंकर मारू नका, धूळ पुसू नका. आधी सरळ समोरून एक फोटो. मग कॅमेरा स्टँडवर तसाच ठेवून खोली अंधारी करा आणि टॉर्च फळ्याला जवळजवळ चिकटवून बाजूने लावा: डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, चारही कोपऱ्यांतून. आठ फोटो. तिरक्या उजेडात फळ्याचा प्रत्येक ओरखडा सावली टाकतो. आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात शेवटच्या दिवसाचा वार, तारीख आणि ‘पट ३१, हजर १२’ एवढं डोळ्यांनी वाचता येत होतं. टॉर्चच्या उजेडात त्याच्याखाली करकटकाच्या टोकाने कोरलेली अक्षरं उठून आली, रंगाच्या तीन-चार थरांखालून. त्यातलं एक नाव आमच्याच तुकडीतल्या मुलाचं होतं.

याच पद्धतीने दाराची चौकट टिपली. चौथीच्या वर्गाच्या डाव्या चौकटीवर सुताराच्या पेन्सिलीने मारलेल्या आडव्या रेघा आहेत, माझ्या कमरेच्या जरा वरून सुरू होऊन माझ्या खांद्यापर्यंत. शिपाईमामा दर जूनमध्ये मुलांना तिथे उभं करायचे, डोक्यावर पट्टी ठेवायचे आणि रेघ मारायचे. पुढे नावातलं पहिलं अक्षर आणि वर्ष. आम्ही प्रत्येक रेघेची जमिनीपासूनची उंची मोजून वहीत उतरवली, १४३ रेघा. माझी १९९१ ची रेघ १२१ सेंटिमीटरवर आहे. अशी एखादी वस्तू तुमच्या शाळेतही असेल. सापडली की त्या दिवशीचं बाकीचं काम बाजूला ठेवा आणि तिला पूर्ण वेळ द्या.

आवाज

शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, तारेने टांगलेला. वाकलेल्या भिंतीजवळ तो वाजवू नका. आम्ही आधी तो उतरवून मोकळ्या ओट्यावर बांबूला टांगला. आवाज घेतला साध्या रेकॉर्डरवर, वेव्ह फाइलमध्ये (तीत आवाज न आवळता जसाच्या तसा राहतो), ४८ किलोहर्ट्झला. एक टोला द्यायचा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. नंतर उभ्या राहिलेल्या प्रत्येक खोलीत एक टाळी आणि एक मिनिट शांतता. वस्ती रिकामी असल्याने खालच्या रस्त्याचा आवाज एवढा स्पष्ट येत होता की आम्ही चमकलो. शाळा भरायची तेव्हा तो कधी ऐकूच आला नव्हता.

मॉडेल बनवताना

मेशरूम आणि कोलमॅप ही फोटोंवरून मॉडेल बनवणारी दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. मेशरूमला एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असलेला कॉम्प्युटर लागतो. आम्ही ऑफिसमधल्या मित्राचा शनिवार-रविवार मागून घेतला. एका वेळी एकच खोली, रात्री लावून सकाळी बघायची. टेपने घेतलेलं एक माप मॉडेलला द्या आणि दुसऱ्या मापाने तपासा. कर्णात दोन सेंटिमीटरपर्यंत फरक आला तर मला तो चालतो, त्याहून जास्त आला तर फोटो परत तपासते. २०२३ पासून गॉशियन स्प्लॅटिंग नावाची नवी पद्धत आली आहे. दिसायला ती अतिशय सुंदर, अगदी आत उभं असल्यासारखं वाटतं. लोकांना दाखवायला ती जरूर करा. मोजायला आणि ठेवायला मात्र त्रिकोणांच्या जाळीचं मॉडेल आणि मोजलेल्या बिंदूंचा ढग लागतोच.

सॉफ्टवेअरमध्ये भोकं बुजवायची सोय असते. ती वापरू नका. वाकलेल्या खोल्यांत जिथे काठी पोचली नाही तिथे आमच्या मॉडेलमध्ये भोकं आहेत. ती तशीच ठेवली, कारण तिथे काय होतं ते आम्ही पाहिलेलं नाही. फोटो स्पष्ट करून देणारी एआयची साधनंही दूर ठेवा. ती अस्पष्ट अक्षराच्या जागी स्वतःचं अक्षर घालतात.

माणसं

इथे मी चुकले आणि ते सांगितलंच पाहिजे. जे आधी जाईल ते आधी, असं म्हणत आम्ही कागदांमागे लागलो. शिपाईमामा त्याच महिन्यात आजारी होते. ‘फेब्रुवारीत मॉडेल तयार झालं की त्यांना दाखवू आणि तेव्हाच बोलतं करू,’ असं मीच म्हटलं. मामा जानेवारीत गेले. चौकटीवरच्या काही रेघांपुढे पेन्सिलीने काढलेला एक छोटा गोल आहे. सगळ्यांपुढे नाही, १४३ पैकी १९ रेघांपुढे. त्या मुलांत आम्हाला काही सारखं सापडत नाही. गोल कशासाठी ते फक्त मामांना माहीत होतं.

तेव्हा परवानगीचा अर्ज टाकला त्याच आठवड्यात सगळ्यात वयस्क माणसाच्या घरी जा. मॉडेल नसलं तरी चालतं, जुना वर्गाचा फोटो पुरे. मॉडेल झालं की परत जा.

बोलतं करताना ‘शाळेच्या आठवणी सांगा’ म्हणू नका. माणूस मग भाषण करतो. मॉडेल टीव्हीवर लावा, रिमोट किंवा माउस त्यांच्या हातात द्या आणि विचारा, ‘तुम्ही कुठे बसायचात?’ बाई आता ८१ वर्षांच्या आहेत, लेकाकडे डोंबिवलीला असतात. त्यांनी माउस घेतला नाही, मला सांगत राहिल्या, ‘अगं, अजून आत चल. डावीकडे. थांब, तो खिळा बघ.’ खिडकीच्या वर एक गंजलेला खिळा होता, आम्ही तो टिपला होता पण कुणाच्या लक्षात नव्हता. ‘तिथे मी छत्री अडकवायचे. खाली पाणी ठिबकायचं म्हणून त्या फरशीवर कुणाला बसू द्यायचे नाही. नंतर एक मुलगी मुद्दाम तिथेच बसायला लागली. घरी पंखा नव्हता ना, तिला ते गार लागायचं.’ हे सगळं एका खिळ्यावरून निघालं. म्हणून खिळेसुद्धा टिपायचे.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून घ्या: नाव, तारीख, आणि हे कुणाला ऐकवायला त्यांची परवानगी आहे. माइक कॉलरला लावा, पंखा बंद करा, कुकर लावला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत थांबा. ज्यांच्या घरचं कुणी दरडीत गेलं त्यांच्याकडे दाराशीच विचारा. नाही म्हणाले तर चहा घेऊन उठायचं.

ठेवायचं कुठे

आमचे ३,१४० फोटो झाले. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता: आधी वर्ष-महिना-दिवस, मग खोली, मग भिंत, मग क्रमांक. मूळ फोटो कधीही बदलायचे नाहीत, मॉडेल त्यांच्यावरून पुन्हा बनवता येतं. उद्याचं सॉफ्टवेअर आजच्यापेक्षा चांगलंच बनवेल. मॉडेल ओबीजे आणि पीएलवाय या खुल्या प्रकारांत ठेवा, एखाद्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येच राहू देऊ नका. सोबत एक साधी मजकुराची फाइल, मराठीत: काय आहे, कुणी केलं, कधी, कुठल्या खोल्या राहिल्या, काय जाहीर करायचं नाही.

तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आमची एक प्रत माझ्याकडे हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक संगमेश्वरला मैत्रिणीच्या माहेरी, डबल झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून यादी छापून ठेवली आहे. फाइल एका बिटाने जरी बिघडली तरी तो आकडा जुळत नाही आणि मग दुसऱ्या प्रतीवरून ती परत आणता येते. हार्ड डिस्क पाच वर्षांत बदलायची, ती चालू असली तरी.

दर मे महिन्यात तिन्ही प्रती जोडून आकडे तपासायचे, पाऊस सुरू व्हायच्या आत. यंदा माझी पाळी आहे, संगमेश्वरची गाडी मी पंधरा तारखेची काढली आहे.